छप्पर प्रवाशांसाठी नव्हतेच : ब्लेनहाइमच्या लाकडी पुलाची कथा

२८ ऑगस्ट २०११ रोजी ‘आयरीन’ वादळाच्या पावसाने अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याचा डोंगराळ ग्रामीण भाग झोडपून काढला. कॅट्स्किल डोंगरांतून उत्तरेकडे वाहणाऱ्या स्कोहॅरी क्रीकला महापूर आला. क्रीक म्हणजे खरे तर ओहोळ; पण पुरात या ओहोळाची नदी होते. त्या दिवशी नॉर्थ ब्लेनहाइम गावाजवळचा १८५५ साली बांधलेला लाकडी पूल या प्रवाहाने आपल्या पायावरून उचलून नेला.

हा पूल दुरून पाहणाऱ्यास लांबलचक कोठाराप्रमाणे दिसे. वर उतरते छप्पर, दोन्ही अंगांना फळ्यांच्या भिंती आणि आतून जाणारा रस्ता. अमेरिकेच्या ईशान्य भागात असे आच्छादित पूल एकोणिसाव्या शतकात मोठ्या संख्येने बांधले गेले. पुलाला छप्पर कशासाठी, याची नाना उत्तरे लोक देत आले आहेत. कोणी म्हणते, वाटसरूंना आडोसा मिळावा म्हणून. कोणी म्हणते, खालचे पाणी पाहून घोडे बुजू नयेत म्हणून. उत्तरे गोड आहेत, पण खरे कारण अधिक रुक्ष आहे. छप्पर माणसांसाठी नव्हते, घोड्यांसाठीही नव्हते. ते पुलासाठीच होते.

लाकडी पुलाचा भार रस्त्याच्या फळ्या पेलत नाहीत. तो पेलतो बाजूंचा सांगाडा. घराच्या छपराखालच्या अशा त्रिकोणी सांगाड्याला आपल्याकडचे सुतार कैची म्हणतात. उभे खांब, तिरपे वासे आणि वरखालच्या तुळया एकमेकांत अडकवून ही कैची उभी राहते आणि तिचा जीव असतो सांध्यांत. सांध्यात पाणी मुरले की लाकूड आतून कुजू लागते, आणि ते बाहेरून लवकर कळतही नाही. रस्त्याची फळी झिजली तर दुसरी बसवता येते. मुख्य सांधा कुजला तर पूलच गेला. म्हणून छप्पर. कोकण-गोव्यात पावसाळ्याआधी मातीच्या भिंतींना झावळ्यांचा आडोसा बांधण्याची जी रीत होती, तिच्यामागचा हिशेब याहून वेगळा नव्हता. फिलाडेल्फिया शहरात १८०५ साली खुला झालेला पूल अमेरिकेतील पहिला आच्छादित पूल मानला जातो. त्यावर छप्पर घालण्याचा आग्रह धरला होता एका न्यायाधीशाने, रिचर्ड पीटर्स यांनी.

या छपराने एक गमतीची अडचणही निर्माण केली. हिवाळ्यात सारे रस्ते बर्फाखाली जात आणि वाहतूक घसरगाड्यांवरून चाले. पुलाच्या आत मात्र बर्फ नसे. मग बाहेरचा बर्फ फावड्यांनी आणून पुलात पसरावा लागे आणि त्या कामाची मजुरीही द्यावी लागे.

ब्लेनहाइमचा पूल बांधला व्हर्माँट राज्यातील निकोलस पॉवर्स या कारागिराने. मध्ये एकही खांब नसलेला २१० फुटांचा पल्ला त्याने लाकडात साधला. पुलात शेजारीशेजारी दोन मार्गिका होत्या, म्हणून कैच्या दोन नव्हे, तीन होत्या. मधली सर्वांत भक्कम. तिच्यात पुलाच्या टोकांपासून थेट आढ्यापर्यंत चढत जाणारी प्रचंड लाकडी कमान बसविली होती. एवढा पल्ला लाकडाला पेलणार नाही, असे अनेकांना वाटत होते. बांधकामाखालचे आधार काढले गेले तेव्हा पॉवर्स स्वतः आढ्यावर जाऊन बसला होता, अशी आख्यायिका तिकडे आजही सांगतात.

१९३०च्या दशकाच्या आरंभी शेजारी पोलादी पूल आला आणि वाहने तिकडे वळली. जुना पूल पाडण्याऐवजी स्थानिक प्रशासनाने तो जपला. १९६४ साली त्याला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला. ५ एप्रिल १९८७ रोजी याच प्रवाहावरचा, पुढे खालच्या अंगाला असलेला महामार्गाचा आधुनिक पूल पुराने खांबांखालची माती खरवडून नेल्यामुळे कोसळला आणि १० जणांचा बळी गेला. १८५५ सालचा लाकडी पूल त्या पुरातून तगला. २०११ साली मात्र पाणी पुलाच्या अंगालाच भिडले, आणि पावसापासून वाचविणारे छप्पर व भिंती पुरापुढे निरुपयोगी ठरल्या. उलट फळ्यांची अशी सलग भिंत प्रवाहाला अडून धक्का स्वतःवर घेते.

प्रश्न पुढे उभा राहिला. गेलेला पूल पुन्हा बांधायचा काय, आणि बांधला तर तो तोच पूल म्हणायचा काय? केंद्रीय आपत्ती साहाय्य यंत्रणेने आरंभी पैसा नाकारला. स्थानिक प्रशासनाने अपील केले, पाठपुरावा सोडला नाही, आणि अखेर निधी मंजूर झाला. पूर्वीच्या सर्वेक्षणांत पुलाची मोजमापे व रेखाटने नोंदवून ठेवली होती. ती नसती तर हे काम अंदाजपंचेच झाले असते. कागदपत्रांची अशी जपणूक एरवी कोणाच्या खिजगणतीत नसते! त्याच धाटणीचा नवा लाकडी पूल जुन्यापेक्षा उंच पायावर बसवून २०१८ साली पूर्ण झाला.

ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मात्र गेला. नियमाच्या दृष्टीने ते बरोबरच म्हणावे लागेल, कारण ज्या लाकडाला पॉवर्सचा हात लागला होता ते उरले नव्हते. कॅलिफोर्नियातील ब्रिजपोर्ट येथे १८६२ सालचा असाच एक पूल आहे. कोणाचा पल्ला मोठा, यावरून त्याची आणि ब्लेनहाइमची जुनी स्पर्धा. तोही २०११ सालीच धोकादायक म्हणून बंद झाला होता. पण तो जागेवर उभा होता; म्हणून त्याची दुरुस्ती होऊ शकली आणि २०२१ साली तो लोकांसाठी पुन्हा खुला झाला. ब्लेनहाइमला दुरुस्त करण्यासारखे काही जागेवर राहिलेच नव्हते.

नव्या पुलावरून आज लोक पायी जातात. वाहनांची ये-जा पूर्वीप्रमाणेच शेजारच्या रस्त्याने चालते.