विश्लेषण : दोन रंगांच्या मातीचा जपानी कप तडकत का नाही? उत्तर यवतमाळच्या काळ्या शेतात

यवतमाळच्या एका मित्राने परवा व्हॉट्सअ‍ॅपवर तीन फोटो पाठवले. मुठीत मावणारा, बिनकानाचा मातीचा कप, अंगावर पांढऱ्या-तपकिरी लाटा. खाली विक्रेत्याची ओळ होती : ‘व्हिंटेज, हाताने घडवलेला, जपानी’. मित्राने विचारलं, ‘घेऊ का? आणि हा रंग चहात उतरणार नाही ना?’

कप अस्सल असेल तर त्या लाटा रंगवलेल्या नसतात. ती मातीच तशी असते.

लाटा येतात कुठून?

जपानीत या पद्धतीला ‘नेरीकोमी’ किंवा ‘नेरीआगे’ म्हणतात. वेगवेगळ्या रंगांच्या ओल्या मातीचे थर एकमेकांवर रचायचे, दाबायचे, गुंडाळायचे आणि काप काढायचे. अळूवडीचा उंडा कापल्यावर आत जशी गुंडाळी दिसते, तसंच हे. ते काप साच्यात जोडून भांडं घडवतात. काही कुंभार थर लावलेला गोळा थेट चाकावर घेतात. तेव्हा बोटांनी वरचा रंग फासला जातो आणि कप मळकट दिसतो. अर्धवट सुकल्यावर तो वरचा पापुद्रा खरवडला की आतल्या रेषा स्वच्छ उघड्या पडतात.

मातीचे रंग असे मिसळण्याची कला चीनमध्ये थांग राजवटीच्या काळातही होती. इंग्लंडच्या स्टॅफर्डशायरमध्ये अठराव्या शतकात अकीक दगडासारखी दिसणारी भांडी याच युक्तीने बनत. जपानमध्ये तिला प्रतिष्ठा देणारं मोठं नाव मात्सुई कोसेई (१९२७-२००३) यांचं. ते कासामा गावातल्या बौद्ध मंदिराचे पुजारी. या तंत्रासाठी जपान सरकारने १९९३ मध्ये त्यांना ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ हा मान दिला.

खरी अडचण नक्षीची नाही

अडचण आहे आकसण्याची. ओली माती सुकताना आणि भाजताना लहान होते. समजा, १० सेंटीमीटरच्या पट्टीतली एक माती १२ टक्के आकसली, ती ८.८ सेंटीमीटर उरली. शेजारची ८ टक्के आकसली, ती ९.२ उरली. फरक फक्त ४ मिलिमीटरचा, पण दोघी एकमेकींना चिकटलेल्या. मग जोडावरच तडा जातो, तोही अनेकदा भट्टीतून काढल्यावर.

यवतमाळकरांना हे वेगळं सांगायला नको. वैशाखात कापसाच्या काळ्या रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसात त्याच बुजतात. या मातीतल्या मॉन्टमोरिलोनाइट नावाच्या खनिजाच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरतं, माती फुगते. पाणी गेलं की आकसते. म्हणूनच इथे घराचा पाया मुरुमापर्यंत न्यावा लागतो. इंजिनीअरिंगला माती आकसण्याची चाचणी आम्ही परीक्षेपुरती पाठ केली होती. ती एका चहाच्या कपावर येऊन उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं.

नेरीकोमी करणारे यातून सोपी वाट काढतात. दोन वेगळ्या माती घेतच नाहीत. एकच पांढरी माती घ्यायची आणि तिच्या एका वाट्यात लोहाचं, दुसऱ्यात कोबाल्टचं ऑक्साइड थोडंसं मळायचं. मूळ माती एकच, त्यामुळे आकसणं जवळपास सारखं. तरी लोह जास्त झालं तर तो भाग लवकर मऊ पडतो, म्हणून प्रमाण जपावं लागतं. वरून प्लास्टिकमध्ये गुंडाळून हळूहळू सुकवणं आलंच. घाई केली की कप गेला.

आपले कुंभारही नुसत्या चिकट मातीवर विसंबत नाहीत. राख, लीद, वाळू मिसळून तिचं आकसणं आवरतात. वणीहून वर्धा नदी ओलांडली की चंद्रपूर जिल्ह्यातलं भद्रावती. तिथे कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी १९५५ मध्ये ग्रामोदय संघ सुरू केला, तो गावच्या कुंभारकामाला सुधारित माती, चाक आणि भट्टीची जोड देण्यासाठीच. कुंभाराकडे कौशल्य होतंच, त्याच्यापर्यंत मातीचं शास्त्र पोहोचायचं राहिलं होतं.

मग कप घ्यायचा की नाही?

आधी बुडाचा फोटो मागा. कप ज्या कडेवर उभा राहतो, तिथे बहुधा झिलई नसते. लाटा त्या उघड्या मातीतही दिसल्या तर मामला खरा. बाहेरची रेष कपाच्या काठावरून आत उतरते का, तेही पाहा. छापील नक्षी काठाशी किंवा बुडाशी येऊन थांबते. कप हातात आला तर माठ घेताना वाजवतो तसा बोटाने वाजवून बघा. बद्द आवाज आला तर कुठेतरी तडा आहे.

‘व्हिंटेज’ या शब्दावर फार जाऊ नका, तो कुणीही लिहू शकतो. बुडावरची कुंभाराची खूण किंवा सही केलेली लाकडी पेटी असेल तर तिला वजन आहे.

चहाचं म्हणाल, तर मातीत मळून चांगला भाजलेला रंग सहसा सुटत नाही. प्रश्न झिलईचा आहे. जुन्या, कमी तापमानाला भाजलेल्या झिलईत शिसं असू शकतं आणि लिंबूचहासारख्या आंबट पेयाने ते सुटू शकतं. झिलईची खात्री नसेल तर कप शोकेसमध्येच बरा. मायक्रोवेव्हमध्ये तर नकोच.

मित्राने विक्रेत्याकडे बुडाचा फोटो मागितला आहे. दोन निळ्या टिक आल्या, फोटो अजून नाही.