कॉम्प्युटरवरचे घर आणि पाच इंचांचा घोटाळा

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत दुपारी पाळी सुटली, की गेटबाहेरच्या चहाच्या गाड्यावर हल्ली एक विषय हमखास निघतो. कुणाचे कर्ज मंजूर झाले, कुणाची वीट येऊन पडली, कुणाचा स्लॅब झाला. कागल आणि हातकणंगले या दोन तालुक्यांत पसरलेल्या या वसाहतीत कसबा सांगाव, तळंदगे, पट्टणकोडोली, हुपरी अशा गावांतली माणसे कामाला येतात. वीस-वीस वर्षे पाळ्या केल्यावर पत्र्याच्या दोन खोल्या पाडून पक्के घर बांधावे, एवढेच बहुतेकांचे स्वप्न असते.

पूर्वी अशा घराचा नकाशा म्हणजे मिस्त्रीने फक्कीने जमिनीवर मारलेल्या रेघा. आता घरातलाच कुणी पोरगा आयटीआय झालेला असतो, त्याला कॉम्प्युटरवर चित्र काढता येते. चहाच्या गाड्यावर मोबाईल पुढे येतो आणि त्यावर घर दिसते. पुढे बाग, दारात मोटार, गच्चीवर ऊन. ते पाहून भले भले भुलतात. आम्हीही भुललो होतो, म्हणून हे लिहीत आहोत.

आमचा भाचा वसाहतीतल्या एका मशीन शॉपमध्ये कॉम्प्युटरवर कास्टिंगची मॉडेल्स तयार करतो. हात चांगला, डोके त्याहून चांगले. आमची जागा एक गुंठा, म्हणजे तेहतीस बाय तेहतीस, १०८९ चौरस फूट. त्यात वीस फूट रुंद आणि तीस फूट लांब घर बसवायचे, वर पुढेमागे एक मजला चढवायचा. “मामा, इंजिनिअरकडून सळईचं तेवढं काढून घ्या, बाकी घर मी उभं करून दाखवतो,” तो म्हणाला. पीएफचे पैसे, बँकेचे कर्ज आणि सौ.च्या बचत गटातली रक्कम असे सगळे एकत्र करून आम्ही निघालो होतो. चुकायला जागा नव्हती.

पहिली चूक आमच्या सौ.ने धरली. पडद्यावर पुढच्या बाजूला दहा बाय दहाच्या दोन खोल्या शेजारी शेजारी होत्या. तिने टेप घेतला आणि विचारले, “अरे, घर बाहेरून वीस फूट, मग आत दोन दहाच्या खोल्या कशा मावल्या? भिंती कागदाच्या हायत काय?”

भाच्याने भिंतीच्या नुसत्या रेघा ओढल्या होत्या. आता खरा हिशेब बघा. बाहेरच्या दोन भिंती नऊ-नऊ इंचांच्या, झाले अठरा. मधली साडेचार इंचांची. आतून चार बाजूंना अर्धा-अर्धा इंच गिलावा, ते दोन इंच. एकूण साडेचोवीस इंच गेले. उरलेल्याचे दोन भाग केले, तर खोली नऊ फुटांना पाव इंच कमी भरते. एवढ्या खोलीत पलंग लावला की कपाटाचे दार उघडत नाही.

गंमत अशी, की कारखान्यात हाच पोरगा असली चूक कधी करणार नाही. बिडाचे कास्टिंग थंड होताना आकसते, म्हणून पॅटर्न शेकडा एकच्या आसपास मोठा ठेवायचा, वर मशीनिंगसाठी माल ठेवायचा, हे त्याला झोपेतही पाठ आहे. घरात मात्र गिलाव्याला माल ठेवायचे विसरला.

यावर उपाय सोपा आहे. प्रोग्राम उघडला की पहिली भिंत ओढण्याआधी तिची जाडी सांगायची. यातले पुष्कळ प्रोग्राम अमेरिकेत आणि युरोपात तयार झाले. ऑटोकॅड १९८२ साली आले आणि स्केचअप २००० साली, दोन्ही अमेरिकेतली. तिकडे लाकडी सांगाड्याची पातळ भिंत नेहमीची. आपली नऊ इंची वीट त्यांना आपण सांगितल्याशिवाय कळत नाही. दुसरे म्हणजे आपण ओढतो ती रेघ भिंतीच्या मध्यावरची, आतल्या अंगाची की बाहेरच्या, हे ठरवून घ्यायचे. बाहेरच्या भिंतींना बाहेरचे अंग धरावे, कारण जागेची हद्द तिथूनच मोजली जाते.

रमाई आवास योजनेतल्या घरकुलामुळे २६९ चौरस फूट, म्हणजे २५ चौरस मीटर, हा आकडा आपल्याकडे घरोघर माहीत आहे. पंधरा बाय अठरा असे घर बाहेरून आखले की २७० चौरस फूट होते. नऊ इंची भिंती वजा करा, आत साडेतेरा बाय साडेसोळा, म्हणजे पावणेदोनशेतेवीस उरतात. सत्तेचाळीस चौरस फूट भिंतींनी खाल्ले. लहान घरात भिंतीची जाडी चुकली तर एक न्हाणी हरवते.

दुसरी चूक आमच्या आईने धरली आणि तीही एका प्रश्नात. संडास जिन्याखाली काढला होता. वरून पाहिल्यावर जागा अगदी नेटकी वापरलेली. गल्लीतल्या चौघांनी वाहवा केली. आई म्हणाली, “त्यात हुबं राहता येतंय काय रं?”

भाचा हसला, पण त्याने मॉडेलला बाजूने काप दिला. घराचा केकसारखा तुकडा कापून आत पाहायचे, याला सेक्शन म्हणतात. मग त्या जिन्याखाली त्याने एक माणूस उभा केला. अशा प्रोग्रामांत तयार माणसे असतात, स्केचअप उघडले की एक जण सुरुवातीलाच पडद्यावर उभा असतो. आमच्या संडासातला माणूस जिन्याच्या मधल्या चौकातून डोके वर काढून उभा राहिला! काँक्रीटच्या पार बाहेर. प्रोग्रामने हूं की चूं केले नाही.

तो चौक जमिनीपासून सव्वापाच फुटांवर, त्याची जाडी पाच इंच, म्हणजे खाली चार फूट दहा इंच. त्यात भांडे बसवायला फरशी उचलावी लागणार, ते वेगळेच. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे जिन्याखालून वावरायचे तर डोक्यावर निदान २.२ मीटर, म्हणजे सव्वासात फुटांच्या आसपास जागा हवी. म्हाताऱ्या माणसाने रोज वाकून आत जायचे आणि अंधारात डोके आपटून घ्यायचे, असे घर आम्ही कर्ज काढून बांधणार होतो.

तेव्हा वरून दिसणाऱ्या चित्रावर कुणी विसंबू नये. जिन्यातून एक काप, संडास-न्हाणीतून एक काप, एवढे तरी पाहिल्याशिवाय मिस्त्रीच्या हातात कागद देऊ नये. आणि जिना काढला म्हणजे वरच्या स्लॅबला भोक पडते असेही नाही. काही प्रोग्राम ते आपोआप पाडतात, काहींत हाताने कापावे लागते. न कापल्यास जिना थेट छताला जाऊन भिडतो, आणि चित्र बाहेरून सुंदरच दिसत राहते.

त्याच दिवशी आम्ही आणखी एक गोष्ट करून घेतली. घरातले जे सामान आहे तेच मॉडेलमध्ये मांडायला लावले. प्रोग्राममधला गुबगुबीत सोफा काढून टाकला आणि आमची लोखंडी कॉट, शिलाई मशीन, पाण्याचे पिंप, पोरीचे अभ्यासाचे टेबल अशी मापे टाकली. बाबासाहेबांनी दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह बांधले, ते ग्रंथांना जागा हवी म्हणून. ग्रंथ आधी, घर त्यांच्या मापाने. आमचे टेबल तीन बाय दोनचे, पण खिडकीखाली यायला पाहिजे होते. त्यासाठी खिडकी दीड फूट सरकली. पडद्यावर सरकवायला एक पैसा पडला नाही.

आता पाच इंचांची गोष्ट. ही आम्हाला पडद्यावर दिसली नाही, हे कबूल केले पाहिजे.

कॉलम उभे राहिले, सेंट्रिंगच्या फळ्या लागल्या, सळई बांधून झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी मिक्सर येणार. संध्याकाळी मिस्त्री जिन्याच्या जागी दोरी धरून उभे होते. त्यांनी दोनदा मोजले, मग आम्हाला हाक मारली. “दादा, ह्यो जिना वर पोचत न्हाई.”

झाले होते असे. भाच्याने मजल्याची उंची दहा फूट टाकली होती. प्रोग्रामने ती एका मजल्याच्या फरशीपासून वरच्या मजल्याच्या फरशीपर्यंत धरली, स्लॅबची जाडी त्यातच. मिस्त्रींनी मात्र गावच्या रीतीने खाली दहा फूट मोकळे ठेवून त्यावर फळ्या मारल्या. पाच इंचांचा स्लॅब त्यावर येणार. म्हणजे चढायची उंची १२० इंच नव्हतीच, ती १२५ इंच होती. नकाशात सतरा पायऱ्या, प्रत्येक सात इंचांहून किंचित जास्त. तसा जिना ओतला असता, तर शेवटची पायरी फूटभर उंच झाली असती. सोळा पायऱ्या एका चालीने चढून आलेला माणूस सतराव्या पायरीला हमखास ठेचकाळतो. उतरताना तर विचारूच नका.

भाच्याला फोन केला. पाळी सुटल्या सुटल्या तो मोटारसायकलवर आला, वीट रचून त्यावर लॅपटॉप ठेवला. एक पायरी वाढवली. १२५ भागिले १८, म्हणजे जवळजवळ सात इंच, मिलिमीटरमध्ये १७६. संहितेत घरातल्या पायरीची उंची १९० मिलिमीटरपेक्षा जास्त नको आणि पाऊल ठेवायची जागा २५० मिलिमीटरपेक्षा कमी नको असे आहे, त्यात हे बसले. खाली नऊ, वर नऊ. खालच्या वळणात आधीच नऊ होत्या, म्हणून जिन्याची लांबी वाढली नाही, वरच्या वळणात जागा होतीच. मधला चौक तेवढा एक इंच खाली आला. मिस्त्रींनी कंदिलासारखा मोबाईल धरायला लावून फळी रात्रीच खाली घेतली. चौक आधी ओतून झाला असता, तर छिन्नी-हातोडा आणि दहा-पंधरा हजारांचा चुराडा होता. भाचा गप्प बसला होता. आम्ही त्याला काही बोललो नाही, कारण कागदावर सही आमची होती.

वाचकांपैकी कुणाच्या घरी असे मॉडेल चालू असेल, तर मजल्याची उंची, स्लॅबची जाडी आणि मोकळी उंची हे तीन आकडे वेगवेगळे लिहून मिस्त्रीसमोर वाचावेत. उरलेल्या तक्रारी त्यामानाने किरकोळ आहेत, पण नवशिक्यांचा दिवसच्या दिवस खातात. कारखान्यातला पोरगा मिलिमीटरमध्ये विचार करतो आणि मिस्त्री फूट-इंचात. २३० मिलिमीटरची भिंत चुकून इंच म्हणून उघडली, तर एकोणीस फूट जाड होते. ते निदान दिसते तरी. घराचा एखादाच भाग दुसऱ्या फाईलमधून आणला तर लवकर कळत नाही. म्हणून एक ओळखीचे माप, समजा तीन बाय सातचे दार, आधी मोजून पाहावे.

खोलीचे क्षेत्रफळ येत नसेल किंवा फरशी भरत नसेल, तर कोपऱ्यात जवळ जाऊन पाहावे. दोन भिंतींची टोके केसभर लांब राहिलेली असतात, ती नेमकी जुळवली की खोली बंद होते. रंग लुकलुकत असेल तर एकाच जागी दोन पृष्ठभाग एकमेकांवर पडले आहेत, त्यातला एक काढावा. स्केचअपमध्ये भिंत हलवताना शेजारची फरशी ओढली जाते, कारण तिथे टेकलेल्या वस्तू चिकटतात. प्रत्येक भिंत, प्रत्येक मजला आधी गटात बांधून ठेवला तर हा त्रास जातो.

जमीन मात्र विसरू नये. मॉडेलमध्ये घर सपाट पाटावर ठेवल्यासारखे असते. आपल्या गल्लीला उतार असतो, जोते निदान पंचेचाळीस सेंटिमीटर उचलावे लागते, आमचे दोन फूट आहे. दोन फुटांना सहा-सहा इंचांच्या चार पायऱ्या लागतात आणि त्या तीन फूट पुढे येतात. त्या काढल्याच नाहीत, तर ऐनवेळी रस्त्यात उतरतात आणि भांडण होते. गच्चीही पडद्यावर आरशासारखी सपाट असते. आपल्याकडच्या पावसाला वीस फुटांत दोन-अडीच इंच उतार ठेवावा लागतो, तो कोणत्या बाजूला हे चित्रात बाणाने दाखवून ठेवावे. आणि कॉलम-सळईचा हिशेब यातले घर दाखवणारे प्रोग्राम करत नाहीत, तो इंजिनिअरचाच.

आमचा स्लॅब ठरल्या दिवशी झाला. भाच्याकडे आता गेटवर दोन-तीन जण आपापली घरे घेऊन येतात. तो लॅपटॉप उघडण्याआधी त्यांना टेप आणायला सांगतो आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाची उंची विचारतो. जिन्याच्या चौकाखाली आमची सायकल आणि आईचे जळण आहे. संडास परसात गेला. त्याचे दार परसाकडे असावे की स्वयंपाकघराच्या बाजूला, यावर आई आणि सौ. यांचे अजून एकमत झालेले नाही, आणि भाच्याने दोन्हीही काढून ठेवले आहेत.