कर्करोगचिकित्सेतील निर्णय आणि वैद्यकाचे शिक्षण

स्तनाचा कर्करोग आरंभीच्या अवस्थेत आढळला असता पुष्कळ रुग्णांपुढे दोन मार्ग असतात : संपूर्ण स्तन काढणे, अथवा केवळ गाठ काढून नंतर किरणोपचार घेणे. अमेरिकेत फिशर व इटलीत व्हेरोनेसी यांनी वीस वर्षे केलेल्या पाहणीचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. या दोन मार्गांमुळे आयुर्मानात फरक पडत नाही, असे त्यांवरून दिसून आले. शास्त्राचा अधिकार येथे संपतो. गडचिरोलीकडील शेतकरी स्त्रीस किरणोपचारासाठी नागपुरात तीन ते सहा आठवडे मुक्काम करावा लागणार. रोवणीचा हंगाम, घरची मुले, राहण्याचा खर्च आणि स्वतःच्या देहाविषयीची भावना यांचा तोल तिच्यावाचून कोण साधणार ? तथापि ‘लांबची आहे, काढून टाकलेलेच बरे’ असे परस्पर ठरण्याचा धोका राहतोच.

त्यातच रुग्णाआधी नातेवाईक डॉक्टरांना गाठतात आणि ‘त्यांना सांगू नका’ अशी गळ घालतात. यामागे माया असते, हे नाकारता येत नाही. परंतु समीरा कोहली खटल्यात १६ जानेवारी २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रुग्ण बेशुद्ध असताना आईकडून घेतलेली संमती ग्राह्य मानली नाही. सज्ञान रुग्णाची संमती त्याचीच असावी लागते.

देशातील एम.बी.बी.एस. अभ्यासक्रमात २०१९ पासून वृत्ती, नीती व संवाद यांचे शिक्षण समाविष्ट झाले. १९४७ मध्ये स्थापन झालेले नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही त्यास अपवाद नाही. कर्करोगतज्ज्ञास मात्र याहून अधिक सराव हवा. एल्विन प्रभृतींनी २०१२ मध्ये तीन पायऱ्या सुचविल्या : निवड करावयाची आहे हे सांगणे, पर्याय उलगडणे, आणि रुग्णाच्या पसंतीनुसार निर्णयाप्रत येणे. हे व्याख्यानाने साधत नाही. रुग्णाची भूमिका करणाऱ्या व्यक्तीसमोर विद्यार्थ्यास बसवून, संभाषणानंतर त्याच्या चुका दाखवाव्या लागतात. वाईट बातमी सांगितल्यावर क्षणभर गप्प राहणे, हेच बहुतेकांस सर्वांत जड जाते.

नागपुरात येणारा रुग्ण वऱ्हाडी, झाडीबोली, गोंडी किंवा छत्तीसगढी बोलणारा असू शकतो. ‘समजले ना ?’ या प्रश्नास तो आदरापोटी ‘हो’ म्हणतो. म्हणून विद्यार्थ्याने वेगळा प्रश्न विचारावयाचा असतो : ‘बाई, घरी गेल्यावर तुम्ही हे कसे सांगाल ?’