सातारा-सांगलीचा झेंडा कुठाय? (एपिसोडचं लेखी रूप)

आजचा विषय एका श्रोत्याच्या मेसेजवरून आलाय. प्रश्न साधा आहे: युरोपात छोट्या छोट्या गावांनाही स्वतःचा झेंडा आणि ढालीवरचं मानचिन्ह असतं, बर्लिनचं अस्वल तर टी-शर्टवरही दिसतं. मग आपल्या सातारा किंवा सांगली जिल्ह्याचं चिन्ह कुठलं?

थेट उत्तर द्यायचं तर, तसं काही नाही. आपल्याकडे जिल्हा हे राज्य सरकारचं प्रशासकीय युनिट आहे. कलेक्टर ऑफिसवर तिरंगा फडकतो आणि सरकारी कागदावर राज्याची मुद्रा असते. विषय इथेच संपला असता. पण त्या मुद्रेकडे जरा झूम करून बघा.

महाराष्ट्र शासनाचं लेटरहेड उघडा. मधे समई, भोवती कमळाच्या पाकळ्या आणि एक संस्कृत ओळ. ती ओळ शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलीय. मूळ मुद्रेचा अर्थ साधारण असा: प्रतिपदेच्या चंद्रकोरीसारखी वाढत जाणारी, जगाने वंदन केलेली, शहाजीपुत्र शिवाजीची ही मुद्रा लोकांच्या कल्याणासाठी शोभते. राज्याने फक्त नावाच्या जागी 'महाराष्ट्र राज्य' घातलं. आमच्या भाषेत सांगायचं तर टेम्प्लेट तेच, व्हेरिएबल बदललं.

आता ढाल आणि मुद्रा यातला फरक बघा. युरोपातलं मानचिन्ह लांबून ओळखू यावं म्हणून असतं, कारण चिलखतातला माणूस कोण हे रणांगणावर कळायला हवं. आपली मुद्रा कागदासाठी आहे, ती वाचायची असते. महाराजांचं पत्र सुरू होताना अष्टकोनी राजमुद्रा, आणि मजकूर संपला की शेवटी छोटी 'मर्यादा' मुद्रा. तिचा अर्थच हा की पत्र इथे संपलं. खाली कुणी दोन ओळी वाढवल्या तर लगेच पकडले जाणार. फाईलमध्ये नंतर कुणी हात घातला तर कळावं म्हणून आज आपण डिजिटल सिग्नेचर करतो, काम तेच! आणि शहाजीराजांची मुद्रा फारसीत होती, मुलाची मात्र संस्कृतात. भाषा बदलणं हेसुद्धा एक विधानच होतं.

हा अष्टकोन अजून जिवंत आहे. २ सप्टेंबर २०२२ ला कोचीत नौदलाचा नवा ध्वज आला, त्यातली निळी अष्टकोनी चौकट याच राजमुद्रेवरून प्रेरित आहे.

आता साताऱ्यात या. १२ जानेवारी १७०८ ला शाहू महाराजांचा इथे राज्याभिषेक झाला. त्यांच्या मुद्रेत चंद्रकोर नाही, वामन आहे. विष्णूची ती बुटकी मूर्ती, जी वाढत जाऊन तीन पावलांत सगळं व्यापते. आजोबांची कोर वाढते, नातवाचा वामन वाढतो. मला तर ही दुसरी उपमा जास्त धीट वाटते. सत्तरएक शब्दांचं 'अबाऊट अस' लिहिणाऱ्या कंपन्यांनी हे बघावं.

पुढची गोष्ट अजून भारी आहे. पुण्यात पेशवे मोठे झाले, कारभार तिकडे गेला. तरी पेशव्याच्या शिक्क्यात आधी नाव शाहू छत्रपतींचं, मग पेशव्याचं, आणि शेवटी 'मुख्य प्रधान' हे पद. नव्या पेशव्याला वस्त्रं साताऱ्याहूनच मिळायची. जरीपटका, म्हणजे जरीचा भगवा ध्वज, तोही छत्रपतींनी द्यायचा मान होता. म्हणजे सर्व्हर पुण्यात, पण रूट अ‍ॅक्सेस कागदोपत्री साताऱ्याकडे. प्रत्यक्षात कुणाची किती चालायची, हा वेगळा एपिसोड.

१८४८ मध्ये आप्पासाहेब महाराज वारले. दत्तक इंग्रजांनी मान्य केलं नाही आणि डलहौसीने राज्य खालसा केलं. सातारच्या मुद्रेचा अंमल संपला.

मग चिन्हाची जागा रिकामी राहिली का? नाही. इथून पुढे प्रश्न एवढाच होता की कचेरीवर झेंडा कुणाचा.

९ सप्टेंबर १९४२. वडूजच्या कचेरीवर तिरंगा लावायला मोर्चा निघाला, पुढे परशुराम घार्गे. पोलिसांनी गोळीबार केला, घार्गेंसह नऊ जण गेले. दुसऱ्याच दिवशी इस्लामपूरच्या मोर्चावर गोळीबार झाला. त्यात उमाशंकर पंड्या गेले, ते किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात इंजिनिअर होते. हे वाचलं तेव्हा मी जरा वेळ लॅपटॉप बंद केला. माझ्यासारखाच पगारी इंजिनिअर, आणि तो दिवस. ज्या कापडासाठी माणसं गेली ते त्या इमारतींवर आज रोज सकाळी चढतं, आपण बाईकवरून बघतही नाही.

तेव्हा वडूज आणि इस्लामपूर एकाच सातारा जिल्ह्यात होते. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला, आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. त्यामुळे सांगलीला जुनं जिल्हाचिन्ह असणं शक्यच नव्हतं. सांगली शहराची ओळख म्हणाल तर पटवर्धनांचं कुलदैवत गणपती. कृष्णाकाठच्या मंदिराचं नाव काढलं की माणूस लगेच 'हां, सांगली' म्हणतो.

उद्या कुणी चिन्ह काढायला बसलंच, तर माझं मत सांगतो. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये आणि मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय टॅग मिळालाय. हळदीचा पिवळा रंग आणि त्यावर तंबोऱ्याचा भोपळा, बास. साताऱ्याला मी वामनाचं पाऊल देईन, मागे अजिंक्यताऱ्याची सपाट रेघ. तलवार-ढाल-वाघ असलं काहीही नको, ते ऑलरेडी प्रत्येक नंबरप्लेटवर आहे.

तुमच्या तालुक्यासाठी काय काढाल ते व्हॉइस नोटमध्ये पाठवा, पुढच्या भागात ऐकवतो.