शिडे वाऱ्यावर, हिशेब किनाऱ्यावर

विश्वस्त हवेत, मानधन नाही, वर्षाकाठी चार ते सहा बैठका, प्रवासखर्च मिळेल, समुद्राचा अनुभव असलाच पाहिजे असे नाही. अशा आशयाच्या जाहिराती ब्रिटनमधील धर्मादाय संस्था नेहमी देत असतात. त्यांतील काही संस्था मुलांना शिडाच्या जहाजांवर नेणाऱ्या असतात. जाहिरातीसोबत बहुधा पांढऱ्याशुभ्र शिडांचे छायाचित्र असते. दोरावर जोर लावणारी, वाऱ्याने केस विस्कटलेली पंधरा-सोळा वर्षांची मुले असतात. तेथे स्थिरावलेल्या एखाद्या मराठी सनदी लेखापालाला, डॉक्टरला वा शिक्षिकेला समाजासाठी काही करण्याची ही उत्तम संधी वाटली तर नवल नाही. संधी उत्तम आहेच. मात्र त्या छायाचित्रात न दिसणाऱ्या गोष्टींसाठीच विश्वस्त नेमले जातात, हे आधी समजून घेतलेले बरे.

या संस्थांचा हेतू मुलांना नाविक बनवणे हा नसतो, हा पहिला मुद्दा. आठवडाभराच्या सफरीनंतर बहुतेक मुले पुन्हा कधी शिडाला हात लावत नाहीत, आणि संस्थेला त्याचे दुःखही नसते. रात्री दोनला उठून पहाऱ्याच्या पाळीवर जाणे, समुद्र लागून पोट ढवळत असतानाही स्वयंपाकघरात भांडी घासणे, काल ओळखही नसलेल्या मुलाने धरलेल्या दोरावर विश्वास ठेवणे, या साऱ्यातून जे घडते ते वर्गात घडत नाही, अशी ही कल्पना आहे. जर्मनीतून ब्रिटनमध्ये आश्रयाला आलेले शिक्षणतज्ज्ञ कुर्ट हान यांनी जहाज कंपनीचे लॉरेन्स होल्ट यांच्या साह्याने १९४१ मध्ये वेल्समधील अ‍ॅबरडोव्ही येथे ‘आउटवर्ड बाउंड’ शाळा सुरू केली, तेव्हापासून या विचाराला संस्थात्मक रूप आले. पुढे लंडनमधील वकील बर्नार्ड मॉर्गन यांच्या कल्पनेतून १९५६ मध्ये टॉर्बे ते लिस्बन अशी शिडाच्या जहाजांची शर्यत झाली. अखेरची म्हणून योजलेली ही शर्यत ‘टॉल शिप्स’ या नावाने आजही सुरू आहे. तिच्यात भाग घेणाऱ्या जहाजावरील निम्मे खलाशी १५ ते २५ या वयोगटातील असावे लागतात.

गोव्याच्या गोदीत बांधलेली आणि १९९७ मध्ये नौदलात दाखल झालेली ‘आयएनएस तरंगिणी’ ही याच परंपरेतली. तिचा आराखडा ब्रिटिश नौकारचनाकार कॉलिन मुडी यांचा. ब्रिटनच्या सी कॅडेट्सचे ‘रॉयलिस्ट’ आणि अपंगांसाठी बांधलेले ‘लॉर्ड नेल्सन’ ही जहाजेही त्यांच्याच आरेखनाची. फरक इतकाच की, ‘तरंगिणी’चा खर्च सरकारी तिजोरीतून होतो, ब्रिटनमधील बहुतेक जहाजे देणग्यांवर आणि सफरींच्या शुल्कावर तरंगतात. म्हणूनच तेथे विश्वस्त मंडळ नावाची गोष्ट इतकी महत्त्वाची ठरते.

जबाबदारी कोणाची?

इंग्लंड व वेल्समध्ये २०११ चा धर्मादाय संस्था कायदा लागू आहे आणि त्यावर चॅरिटी कमिशन या आयोगाची देखरेख असते. (स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडमध्ये नियामक वेगळे आहेत.) संस्थेच्या कारभारावर सर्वसाधारण नियंत्रण ज्यांचे, ते कायद्याने विश्वस्त, मग घटनेत त्यांना संचालक म्हटलेले असो, समिती सदस्य म्हटलेले असो वा आणखी काही. आयोगाने त्यांची सहा कर्तव्ये सांगितली आहेत. संस्थेची उद्दिष्टे लोकहितासाठी पार पाडणे, घटना व कायदा पाळणे, संस्थेचे हित पाहणे, साधनसंपत्ती जबाबदारीने वापरणे, वाजवी काळजी व कौशल्य दाखवणे आणि हिशेब देणे. वाचताना ही यादी शाळेच्या प्रतिज्ञेसारखी निरुपद्रवी वाटते. जहाज मध्ये आले की तीच यादी बोचू लागते.

समजा, गोदीतील दुरुस्ती लांबली आहे. सुटीतील पहिली सफर परवा निघायची आहे, मुलांनी सामान बांधले आहे, शुल्क आधीच खर्ची पडले आहे आणि सफर रद्द झाली तर खलाशांचे पगार कसे करायचे हा प्रश्न आहे. जहाज निघू शकते की नाही हा निर्णय कप्तानाचा. तो विश्वस्तांनी करायचाच नाही. पण ‘नाही’ म्हणणाऱ्या कप्तानाला संस्थेत किंमत आहे की त्याच्याकडे कपाळाला आठ्या घालून पाहिले जाते, हे विश्वस्त मंडळच ठरवत असते. ते ठरते बंदरात नव्हे, सहा महिने आधी, अंदाजपत्रकाच्या बैठकीत. ज्या संस्थेच्या अंदाजपत्रकात एकही सफर रद्द होण्याची सोय नाही, त्या संस्थेने कप्तानाच्या खांद्यावर नकळत हात ठेवलेला असतो.

हा काल्पनिक धोका नव्हे. ३ जून १९८४ रोजी टॉल शिप्स शर्यतीत बर्म्युडाहून हॅलिफॅक्सकडे निघालेले ‘मार्क्विस’ हे जुने ब्रिटिश जहाज वादळी झोतात सापडून बघता बघता बुडाले. जहाजावरील २८ पैकी १९ जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर ब्रिटनमध्ये अशा जहाजांच्या स्थैर्याचे निकष कठोर झाले. मे २०१० मध्ये ‘रॉयलिस्ट’च्या उंच डोलकाठीवरून पडून एक १४ वर्षांचा कॅडेट दगावला. त्याच वर्षी फेब्रुवारीत ब्राझीलजवळ कॅनडाचे ‘कॉन्कॉर्डिया’ उलटले. तेथे मात्र जहाजावरचे सर्व ६४ जण वाचले. असे काही घडले की सागरी अपघात तपास यंत्रणा चौकशी करते, आयोगाला गंभीर घटनेची माहिती द्यावी लागते आणि विश्वस्तांना विचारले जाते : धोक्यांची नोंदवही तुम्ही शेवटची कधी पाहिली होती? बैठकीच्या इतिवृत्तात त्यावरील चर्चा आहे की नुसती ‘नोंद घेतली’ एवढीच ओळ?

मुलांच्या सुरक्षिततेचा अर्थ केवळ बुडण्यापासून संरक्षण असा नाही, हेही सांगायला हवे. अरुंद जागेत, घरापासून दूर, मोठ्यांच्या अधिकाराखाली मुले दिवसरात्र राहतात. त्यामुळे खलाशी व स्वयंसेवक यांची पार्श्वभूमी तपासणे, तक्रार कोणाकडे करायची हे प्रत्येक मुलाला ठाऊक असणे आणि तक्रार आली तर ती ‘आपल्याच माणसा’विरुद्ध आहे म्हणून दडपली न जाणे, याची जबाबदारी शेवटी विश्वस्तांवर येते.

जहाज की मुले?

आता पैशाकडे. शिडाच्या जहाजाला वारा फुकट मिळतो, बाकी सारे विकत. विमा, गोदी, प्रमाणपत्रे, दोर, शिडे, रंग, पगार. मूल देऊ शकते ते शुल्क आणि सफरीचा खरा खर्च यांत मोठे अंतर असते आणि ज्या मुलांना या सफरींची खरी गरज, त्यांचे पालक तेही शुल्क देऊ शकत नाहीत. हे अंतर देणग्यांनी भरायचे. पण अमुक शहरातील मुलांसाठी म्हणून आलेली देणगी नव्या इंजिनावर खर्चता येत नाही. खात्यात पैसे आहेत पण वापरता येत नाहीत, ही स्थिती नवख्या विश्वस्ताला बुचकळ्यात टाकते.

‘ज्युबिली सेलिंग ट्रस्ट’चे उदाहरण बोलके आहे. १९७८ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने अपंग आणि धडधाकट व्यक्तींना बरोबरीने जहाज हाकता यावे म्हणून ‘लॉर्ड नेल्सन’ आणि ‘टेनेशस’ ही दोन जहाजे मुद्दाम बांधली. चाकाच्या खुर्चीतला माणूस तेथे सुकाणू धरू शकत असे. २०१९ मध्ये संस्था बंद पडण्याच्या बेतात आली. आठवडाभरात दहा लाख पौंड जमवण्याचे आवाहन झाले आणि लोकांनी ते पुरे केले. त्याच वर्षी ‘लॉर्ड नेल्सन’ सेवेतून निवृत्त झाले. त्यापाठोपाठ करोनाची साथ आली, खर्च वाढले आणि २०२३ च्या अखेरीस ट्रस्टला काम थांबवावे लागले. जेथे जहाजाची रचना हाच संस्थेचा प्राण होता, तेथे जहाज विकून टाका असे सांगणे बाहेरच्याला सोपे वाटते, एवढेच.

‘टॉल शिप्स यूथ ट्रस्ट’ने वेगळी वाट धरली. त्यांच्याकडे दोन देखणी, मोठी जहाजे होती. त्यांतील ‘प्रिन्स विल्यम’ २०१० मध्ये पाकिस्तानी नौदलाकडे गेले आणि ‘राह नवर्द’ झाले. पुढे दुसरे, ‘स्टाव्रोस एस. निआर्कोस’, हेही विकले गेले. जगप्रदक्षिणेच्या शर्यतीसाठी बांधलेल्या ७२ फुटी पोलादी नौकांवर संस्थेने काम सुरू ठेवले. चौरस शिडांचा थाट गेला, बंदरात गर्दी जमवणारे दृश्य गेले. जुन्या स्वयंसेवकांना ते किती झोंबले असेल! पण संस्थेच्या उद्दिष्टात तरुणांचा विकास लिहिलेला असेल आणि जहाजाचे नाव नसेल, तर विश्वस्ताची निष्ठा कोठे असावी हे स्पष्ट आहे. प्रस्तुत प्रतिनिधीच्या मते शिडांच्या प्रेमात पडलेला माणूस उत्तम स्वयंसेवक होतो. विश्वस्त मंडळात मात्र समुद्राचा मोह नसलेली दोन-तीन माणसे तरी हवीतच.

वैयक्तिक धोका किती, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. संस्था मर्यादित कंपनीच्या वा तत्सम स्वरूपात नोंदलेली असेल तर तिची देणी साधारणतः विश्वस्तांच्या घरावर येत नाहीत. जुन्या पद्धतीच्या, स्वतंत्र कायदेशीर अस्तित्व नसलेल्या न्यासात मात्र येऊ शकतात. ‘किड्स कंपनी’ ही लंडनची गाजलेली बालसंस्था २०१५ मध्ये कोसळली, तेव्हा तिच्या विश्वस्तांना संचालकपदासाठी अपात्र ठरवावे म्हणून सरकारी अवसायक न्यायालयात गेले. २०२१ मध्ये उच्च न्यायालयाने ती मागणी फेटाळली. तथापि, २०२२ मध्ये चॅरिटी कमिशनने देणी वेळेवर न चुकवल्याबद्दल गैरव्यवस्थेचा ठपका ठेवलाच. प्रामाणिक माणसांना न्यायालय समजून घेते. पण त्यासाठी साडेपाच वर्षे जावी लागली.

तेव्हा होकार देण्यापूर्वी थोडा गृहपाठ करावा. आयोगाच्या नोंदवहीत प्रत्येक संस्थेचे हिशेब व वार्षिक अहवाल कोणालाही विनामूल्य पाहता येतात. तीन वर्षांचे अहवाल शेजारी ठेवून वाचावेत. राखीव निधी किती महिने पुरेल, हे शोधावे. हिशेब वेळेवर दाखल झाले आहेत का, हेही पाहावे. वर्ष संपल्यापासून दहा महिन्यांची मुदत असते आणि ती वारंवार चुकवणाऱ्या संस्थेत बहुधा आणखीही काही चुकत असते. मग अध्यक्षांना भेटून विचारावे की, गेल्या दोन वर्षांत किती सफरी रद्द केल्या आणि का. ‘एकही नाही’ हे उत्तर अभिमानाने आले, तर सावध व्हावे.

आपल्याकडे महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० नुसार विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो, हे संस्थांत काम करणाऱ्यांना ठाऊक आहे. ब्रिटनमध्ये नव्या विश्वस्ताकडून आपण अपात्र नसल्याचे निवेदन लिहून घेण्याची पद्धत आहे. दिवाळखोरीत असलेली किंवा अप्रामाणिकपणाच्या गुन्ह्यात दोषी ठरून शिक्षेची नोंद अद्याप पुसली न गेलेली व्यक्ती विश्वस्त होऊ शकत नाही. मुलांसोबत काम करणाऱ्या संस्थेत पोलिसी नोंदींची तपासणीही होते. हे सोपस्कार आटोपले की नव्या सदस्याला बहुधा एक दिवस जहाजावर नेतात. जावे अवश्य. परतल्यावर घटनेची प्रत मागून घ्यावी आणि उद्दिष्टांचे कलम पुन्हा एकदा वाचावे.