मोटारीचा साज आणि वाऱ्याचे गणित

आपले वाहन सजविण्याची हौस माणसाला फार पूर्वीपासून आहे. पोळ्याच्या दिवशी बैलांची शिंगे रंगविली जातात, ट्रकच्या मागे चित्रे काढली जातात. वेगवान स्पोर्ट्स कारच्या मालकांनाही अशीच हौस असते. कारखान्यातून आलेल्या मोटारीला ते बाजारातून आणलेले नवे बंपर, बाजूच्या पट्ट्या, रुंद मडगार्ड आणि मागे उंच पंख बसवून घेतात. या सुट्या भागांच्या संचाला ‘बॉडी किट’ म्हणतात. हे भाग बहुधा फायबरग्लास, प्लॅस्टिक किंवा कार्बन फायबर यांचे असतात. त्यांनी मोटार शर्यतीच्या मोटारीसारखी दिसू लागते. परंतु ती तशी धावतेही का, हा प्रश्न निराळा आहे.

हवा डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तिची शक्ती सहसा ध्यानात येत नाही. धावणाऱ्या मोटारीला मात्र सतत हवा बाजूला सारत पुढे जावे लागते. हवा तिला मागे रेटते; हा झाला हवेचा रोध. शिवाय मोटारीच्या फुगीर छपरावरून हवा वेगाने वाहते आणि तेथील दाब कमी होतो. त्यामुळे मोटार किंचित वर उचलली जाते व चाकांची रस्त्यावरील पकड सैल होते. वेग दुप्पट झाला की हे दोन्ही परिणाम चौपट होतात. म्हणूनच शहरातील रहदारीत न जाणवणारी ही उचल भरधाव वेगात प्राणघातक ठरू शकते.

या उचलीवर केलेल्या उपायाचे प्रसिद्ध उदाहरण जर्मनीत सापडते. १९७२ साली पोर्शे कंपनीने ‘९११ कॅरेरा आरएस २.७’ ही मोटार सादर केली. ९११ या मोटारीची पाठ उतरती असल्यामुळे मोठ्या वेगात तिचा मागचा भाग हलका होत असे. अभियंत्यांनी वातबोगद्यात, म्हणजे मोटारीवर पंख्याने वेगवान वारा सोडणाऱ्या दालनात, चाचण्या घेतल्या आणि मागच्या झाकणाला वर वळलेली एक कड दिली. या कडेमुळे उतरत्या पाठीवरून वाहणाऱ्या हवेची दिशा बदलली व मागची उचल कमी झाली. लोकांनी या भागाला ‘बदकाची शेपटी’ असे नाव दिले. शर्यतीच्या नियमांसाठी अशा ५०० मोटारी पुरेशा होत्या. प्रत्यक्षात दीड हजारांहून अधिक तयार झाल्या. गरजेतून जन्मलेला आकार पुढे सौंदर्याचे लक्षण ठरला.

याच्या उलट अनुभव ‘ऑडी टीटी’ या मोटारीने दिला. १९९८ साली बाजारात आलेल्या या मोटारीच्या गुळगुळीत, गोलाकार रूपाचे मोठे कौतुक झाले. परंतु जर्मनीच्या महामार्गांवर अतिवेगात तिचे गंभीर अपघात झाले आणि त्यांत माणसे दगावली. तेव्हा कंपनीने विकलेल्या मोटारी परत बोलावून त्यांच्या मागच्या बाजूस एक लहानसा स्पॉयलर बसविला. त्याचबरोबर चाकांच्या आधारयंत्रणेत बदल केले आणि घसरण आवरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणाही जोडली. देखणे रूप निर्दोष ठेवण्यापेक्षा माणसाचा जीव महत्त्वाचा होता.

या दोन्ही मोटारींवरील जोड कंपन्यांच्या अभियंत्यांनी विचारपूर्वक ठरविलेले होते. बाजारातील पुष्कळशा किटमध्ये केवळ आकाराची नक्कल असते. मोटारीच्या तळाकडील हवेला वाट देणाऱ्या भागास डिफ्यूजर म्हणतात. त्याचा उपयोग होण्यासाठी तळ सपाट आणि मागे हळूहळू वर चढत जाणारा असावा लागतो. बंपरखाली नुसत्या काळ्या पट्ट्या चिकटविल्याने ते साधत नाही. पंखाचेही तसेच आहे. ताशी २०० किलोमीटर वेगाला १०० किलो वजनाइतका दाब देणारा पंख ताशी ४० किलोमीटरला अवघा ४ किलोइतका दाब देतो.

निरुपयोगी भाग एक वेळ चालेल. चुकीचा भाग घातक ठरतो. मागच्या चाकांच्याही मागे बसविलेला मोठा पंख शेपूट खाली दाबतो, तेव्हा तरफेच्या तत्त्वाने पुढची चाके हलकी होतात आणि मोटार वळविणे अवघड जाते. बंपरची जाळी अरुंद असली तर इंजिनाला थंड हवा कमी मिळते. जोडणी कच्ची असली तर धोका आणखी वाढतो. १९६९ साली स्पेनमधील शर्यतीत ग्रॅहम हिल आणि योखेन रिंट यांच्या लोटस मोटारींचे उंच पंख धावताना मोडले आणि दोघांनाही अपघात झाला. त्याच महिन्यात असे उंच पंख बंद करण्यात आले. निष्णात अभियंत्यांच्या हातून असे घडू शकते, तर चार स्क्रूंवर टांगलेल्या पंखाचा भरवसा काय धरावा?

भारतात या हौसेला कायद्याचीही मर्यादा आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल असा बदल वाहनात करता येत नाही. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही हे स्पष्ट केले. म्हणून कोणताही मोठा बदल करण्यापूर्वी परिवहन कार्यालयात चौकशी करणे हिताचे असते.

सजावट करणे हा काही दोष नव्हे. शोभेची वस्तू शोभेची म्हणून लावली आणि ती पक्की बसविली, तर तिच्यापासून आनंदच मिळतो. परंतु शर्यतीच्या मोटारीसारखा पंख लावला म्हणजे तिच्यासारखी पकडही आली, असे चालकाने मानले की तो नको तेवढा वेग घेतो. खरा धोका या समजुतीत आहे. वारा मोटारीचे रूप पाहत नाही. तो केवळ तिच्या आकाराला आणि वेगाला उत्तर देतो.