जिताड्याला वास कळतो का?

पावसाळा सरत आला होता. रविवारी दुपारी आमच्या अपघात विभागात एक तरुण एका हाताने दुसरा हात धरून आला. तर्जनीत तीन टोकांचा गळ रुतलेला आणि गळाला लोंबणारा प्लॅस्टिकचा चंदेरी मासा. वैतरणेच्या खाडीवर जिताडा धरायला गेला होता. बोट बधिर केले, गळाचे टोक कातडीतून पुढे बाहेर काढून त्याचा उलटा काटा कापला आणि उरलेला गळ मागे सरकवून काढून घेतला. धनुर्वाताची सुई दिली. पट्टी बांधून होताच त्याने खिशातून एक बाटली काढली.

"सर, हे नकली माशाला लावतात. वासाने जिताडा येतो म्हणे. बरेच पैसे मोजलेत. खरं असतं का हो?"

झाकण उघडले तर लसूण आणि बडीशेप यांचा भपकारा आला. "ड्रेसिंगला परवा ये, तेव्हा सांगतो," म्हटले. प्रश्न माशाचा होता. पण 'हे लावले आणि गुण आला' हे वाक्य आम्ही डॉक्टर रोज ऐकतो, म्हणून तो डोक्यात राहिला.

आधी नाकाचे पाहू. माशाला वास येतो, आणि चांगलाच येतो. त्याच्या नाकाचा श्वासाशी संबंध नसतो. श्वास कल्ल्यांनी चालतो. बहुतेक माशांत दोन्ही बाजूंना दोन दोन छिद्रे असतात. पुढच्या छिद्रातून पाणी आत जाते, मागच्यातून बाहेर पडते आणि मधल्या घड्यांवरच्या चेतापेशी त्या पाण्यात काय विरघळले आहे ते टिपतात. कोळंबी किंवा बोय यांच्या अंगातून पाझरणारी अमिनो आम्ले, म्हणजे प्रथिनांचे सुटे घटक, अतिशय विरळ असली तरी अनेक माशांना कळतात.

महत्त्वाचा शब्द आहे 'विरघळलेले'. आपल्या नाकाला हवेत उडणारे रेणू लागतात, माशाला पाण्यात विरघळणारे. तेलात मुरवलेला लसणाचा वास आपल्याला दुरून येतो, पण तेल पाण्यात विरघळत नाही. त्यामुळे बाटलीचा भपकारा माशापेक्षा गिऱ्हाइकाला अधिक जाणवतो. सगळ्याच बाटल्या तेलाच्या नसतात. काहींत माशांचा किंवा कोळंबीचा अर्क असतो, आणि तो पाण्यात खरोखर उतरतो.

तरीही दुसरी अडचण उरते. पाण्यात रेणू आपले आपण पसरण्याचा वेग हवेच्या मानाने सुमारे दहा हजार पटींनी कमी असतो. म्हणून पाण्यातला वास मुख्यतः प्रवाहाबरोबर जातो. भरती-ओहोटीच्या ओढीत आमिष एका जागी पडून राहिले, तर त्याच्या खालच्या अंगाला वासाचा पट्टा तयार होतो आणि मासा त्याच्या मागाने येऊ शकतो. नकली मासा मात्र फेकायचा आणि लगेच रीळ फिरवून ओढायचा असतो. वासाचा पट्टा धरायला वेळच मिळत नाही.

आता जिताड्याकडे येऊ. इंग्रजीत त्याला आशियाई सी बास म्हणतात. अमेरिकेत ज्या बासच्या नावावर या बाटल्यांचा मोठा धंदा चालतो, तो गोड्या पाण्यातला मासा वेगळ्या कुळातला. पण शिकारीची रीत दोघांची मिळतीजुळती. तिवरांच्या मुळांपाशी, पुलाच्या खांबाआड दबा धरायचा आणि भक्ष्य टप्प्यात येताच जबडा झटक्यात उघडून पाण्यासकट आत ओढायचे. सारा मामला डोळ्यांचा आणि अंगावरच्या पार्श्वरेषेचा. पार्श्वरेषा म्हणजे कल्ल्यापासून शेपटीपर्यंत गेलेली, पाण्यातली हालचाल टिपणारी रांग. रात्री बॅटरीच्या उजेडात जिताड्याचे डोळे चमकतात, कारण त्यांत प्रकाश परतवणारा थर असतो. अंधुक उजेडातही त्याला दिसते.

शिंगाळ्याचे याहून वेगळे. गढूळ तळाशी तो मिशांनी चाचपत फिरतो. त्याच्यासारख्या मिशाळ माशांच्या काही जातींत तर चवीच्या कळ्या सगळ्या अंगभर पसरलेल्या असतात. शिंगाळ्याला वास मारणारे आमिष चालते ते उगाच नाही.

मग जिताड्यासाठी बाटली अगदीच निरुपयोगी का? तसेही नाही. टाकीत पाळलेल्या बासवरच्या प्रयोगांत दिसले आहे, की आमिषाला आवडीची चव असेल तर मासा ते थुंकण्याआधी जास्त वेळ तोंडात धरतो. म्हणजे हा गुण मासा बोलावण्याचा नसून आलेला मासा क्षणभर थांबवण्याचा आहे. मऊ रबरी आमिष तळाशी सावकाश ओढणाऱ्याला तो क्षण उपयोगी पडेल. कडक प्लॅस्टिकचा मासा वेगाने ओढणाऱ्याला क्वचितच.

आणखी एक शक्यता आपल्याच हातांच्या वासाची. १९५०च्या दशकात कॅनडात दिसून आले, की माणसाचे हात किंवा अस्वलाचा पंजा धुतलेले पाणी वरच्या अंगाला सोडले, की नदीतून वर चढणारे सॅल्मन बिचकतात. त्वचेतले सेरीन हे अमिनो आम्ल त्याला कारण ठरले. तो प्रयोग सॅल्मनचा होता, जिताड्याचा नाही. तरी पेट्रोल किंवा मच्छर पळवणारे मलम लागलेले हात धुऊन मगच आमिषाला लावावेत. त्याला खर्च काही नाही.

"पण सर, बाटली लावली त्या दिवशी सहा वेळा ओढ लागली, न लावता तीनच वेळा." ड्रेसिंगला आल्यावर त्याने हिशेब मांडला. मी त्याला एक नाणे दिले. नऊ वेळा उडवले तर सहा किंवा अधिक वेळा छापा पडण्याची शक्यता चारात एक असते. म्हणजे बाटलीत नुसते पाणी असते, तरी चारांतल्या एका गड्याला असा 'अनुभव' आला असता. शिवाय ते दोन दिवस सारखे होते का? भरती कधीची, पाणी किती गढूळ, अमावास्या जवळ होती का? आणि जो रिकाम्या हाताने परततो तो बाटलीची गोष्ट कुणाला सांगत बसत नाही.

औषधांनाही हाच नियम लागतो. १७४७ साली जेम्स लिंड या जहाजावरच्या डॉक्टरने स्कर्व्हीच्या १२ खलाशांच्या जोड्या केल्या, सर्वांना सारखे जेवण आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला. संत्री-लिंबे खाणारे दोघे झपाट्याने सुधारले. तुलनेला बाकीचे दहा होते, म्हणून लिंबाचा गुण कळला. टॉनिक घेतले आणि आठवड्यात सर्दी गेली, यात तुलनाच नसते. सर्दी तशीही आठवड्यात जाते.

बाटलीची परीक्षा घरच्या घरी होते. दोन एकसारखी आमिषे घ्या, एकाला अर्क आणि दुसऱ्याला पाणी लावा. कोणते कोणते हे फक्त मित्राला ठाऊक असावे. दर वेळी नाणे उडवून ठरवा, जागा तीच ठेवा आणि नुसते मासे न मोजता प्रत्येक ओढ वहीत लिहा. हिशेब पन्नास-साठ ओढी झाल्यावर मांडा.

"तुझे आजोबा काय लावायचे?" मी विचारले. "जिवंत कोळंबी," तो म्हणाला. वास, चव आणि हालचाल, तिन्ही एकात.

शेवटी बोटाविषयी. गळ रुतला तर उलटा ओढू नका, काट्याने मांस फाटते. दोरी कापा, गळ हलणार नाही असा धरून दवाखान्यात या. धनुर्वाताची सुई कधी घेतली होती ते सांगा. डोळ्याजवळ लागला तर हात न लावता, दाब न देता झाकून लगेच निघा. साधे खरचटले असेल तर साबण आणि स्वच्छ वाहत्या पाण्याने धुवा. खाडीच्या कोमट, मचूळ पाण्यात व्हिब्रिओ जातीचे जंतू असतात. मधुमेह किंवा यकृताचा आजार असलेल्यांची जखम काही तासांत सुजली, निळसर फोड आले, ताप चढला, तर सकाळची वाट पाहू नका. बोटावरची गाठ काही आठवडे बरी झाली नाही, तर डॉक्टरला खाडीवर गेल्याचे आवर्जून सांगा.

आणि पिशवीत बाटली असो वा नसो, एक पक्कड जरूर ठेवा. त्या तरुणाला गळ बोचला तो जिताड्याच्या तोंडातून हाताने सोडवताना.